दक्षिण चीनमध्ये नवीन आलात? कँटनीज, हक्का, होक्कियन, तेओच्यू यांच्यात कान कसा तयार करायचा

२०१४ मध्ये मी ग्वांगझूला नोकरीसाठी आले तेव्हा पुण्यात दीड वर्ष क्लास करून मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, शिकून आले होते, परीक्षाही दिली होती, आणि मला वाटत होतं की भाषेचा प्रश्न सुटला. पहिल्याच आठवड्यात कापड मार्केटला गेले, दुकानदार नवरा-बायको माझ्याशी मँडरिन बोलले आणि मग आपापसात भाव ठरवायला लागले ते एका अक्षरानं कळेना. मी समजले ही कँटनीज. घरी येऊन घरमालकीण आजींना त्यातले दोन शब्द म्हणून दाखवले तर त्या म्हणाल्या, ही आमची भाषा नाही गं, ते तेओच्यूचे लोक असणार. म्हणजे शहर कँटनीजचं, दुकान तेओच्यूचं, कारखान्यातला सुपरवायझर निघाला हक्का आणि पुढच्या महिन्यात बुटांच्या ऑर्डरसाठी शेजारच्या फूच्येन प्रांतात गेले तर तिथे चौथंच काहीतरी. मी स्वतः इचलकरंजीची, कापडात वाढलेली, भाव ऐकून समजणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग, त्यामुळे मला हे सोडून देता येईना.

पुढे जे लिहिलंय ते चारही भाषा बोलायला शिकवणारं नाही. समोरचा काय बोलतोय ते ओळखायचं कसं, कुठली भाषा कुणाच्या जवळची, आणि सुरुवात कुठून करायची एवढंच. नोकरीला, शिकायला किंवा माल घ्यायला येणाऱ्या आपल्या लोकांचे पहिले सहा महिने वाचावेत म्हणून लिहितेय.

लागणारं सामान

- एक वही, शक्यतो देवनागरीत लिहायची (का ते पायरी ३ मध्ये)
- मोबाईलमध्ये प्लेको डिक्शनरी, तिच्या सेटिंगमध्ये कँटनीज उच्चार चालू करून
- कँटनीजसाठी ज्यूतपिंग पद्धतीचा एक तक्ता, ही हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेनं १९९३ मध्ये ठरवलेली रोमन लेखनपद्धत आहे, सुराचा (आवाज चढतो, उतरतो की सपाट राहतो त्याचा) आकडा शब्दाच्या शेवटी लिहितात
- होक्कियन आणि हक्कासाठी तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचे ऑनलाइन शब्दकोश, आवाजासकट आहेत आणि फुकट आहेत
- वीचॅट, कारण लोक व्हॉइस मेसेज पाठवतात आणि ते दहा वेळा ऐकता येतात
- एक म्हातारं माणूस ज्याला बोलायला आवडतं. हे सामान सगळ्यात महत्त्वाचं आहे, खरंच सांगते.

पायरी १: आधी नकाशा डोक्यात बसवा

चीनमध्ये या सगळ्यांना "फ़ांग-येन" म्हणतात, म्हणजे त्या-त्या जागेची बोली. शब्दामुळे फसू नका. आपल्याकडे कोकणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर किती वर्षं वाद चालला आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली ते आठवा, तसाच हा शब्द राजकारणाचा आणि परंपरेचा आहे. कानाला विचाराल तर कँटनीज आणि होक्कियन यांच्यात अंतर मराठी-बंगालीसारखं आहे, मराठी-वऱ्हाडीसारखं नाही. ग्वांगझूचा माणूस आणि फूच्येनमधल्या श्यामनचा माणूस आपापल्या भाषेत बोलले तर एकमेकांना कळत नाही, मग दोघं मँडरिनवर येतात.

१९८७ च्या चिनी भाषांच्या नकाशासंग्रहात दहा मोठे गट धरलेत. आपल्याला दक्षिणेचे तीन पुरे: यू, हक्का आणि मिन. शांघायकडची वू वगैरे वेगळी गोष्ट आहे, ती इथे घेत नाही.

यू म्हणजे ज्याला आपण कँटनीज म्हणतो तो गट. ग्वांगझू, फ़ोशान, हाँगकाँग, मकाव आणि ग्वांगशीचा पूर्व भाग. पण यू गटात थायशानसारख्या बोलीही आहेत ज्या ग्वांगझूच्या माणसालाही पटकन कळत नाहीत. मुंबईत माझगावला जुनं चिनी देऊळ आहे ना, सी यप कून, त्यातलं "सी यप" म्हणजे चार तालुके, याच थायशानच्या भागातले. म्हणजे मुंबईच्या गोदीत आलेले ते लोक कँटनीजच्या या बाजूच्या बोलीचे होते.

हक्का म्हणजे "पाहुणी घराणी". हे लोक उत्तरेकडून टप्प्याटप्प्यानं आले आणि सपाट जमीन आधीच भरलेली असल्यामुळे बरेचसे डोंगरात राहिले, मुख्य केंद्र मेइझोऊ, तिथली मेइश्यान बोली प्रमाण मानतात. फूच्येनमधली मातीची मोठी गोल घरं २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्यातली बरीच यांची. आणि हो, आपल्या गाडीवरच्या हक्का नूडल्समधला हक्का हाच. तो कोलकात्याच्या हक्का लोकांकडून आला, तिथल्या टांगरा वस्तीतले बहुतेक जण मूळचे मेइश्यानचे. मेइझोऊत जाऊन ती डिश मागू नका, कुणाला कळणार नाही.

मिन गट सगळ्यात विस्कळीत. फूच्येनमध्ये म्हण आहे की दर दहा ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) अंतरावर आवाज बदलतो, आपल्या बारा कोसांवर भाषा बदलते सारखीच, फक्त तिथे ती अक्षरशः खरी आहे. आपल्याला यातल्या दक्षिण मिनशी काम: होक्कियन (श्यामन, छ्वानझोऊ, झांगझोऊ, तैवान, पेनांग) आणि तिची बहीण तेओच्यू (चाओझोऊ, शानतोऊ, आणि थायलंडमधले बहुतेक चिनी). या दोन एकमेकींना थोड्याफार कळतात, बाकी कुणाला नाही.

इथला मोठा सापळा: ग्वांगदोंग प्रांत (ग्वांगझू यातच येतं) म्हणजे कँटनीज असं धरणं. एकाच प्रांतात मध्ये कँटनीज, ईशान्येला हक्का, पूर्वेला तेओच्यू असे तिघं आहेत. शेनझेन तर अजून वेगळं, १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झाल्यावर सगळ्या देशातून लोक आले आणि तिथे रस्त्यावर मँडरिनच ऐकू येते, मूळची गावं मात्र हक्का आणि कँटनीज होती.

पायरी २: एकाच शब्दावरून ओळखा

मी सुरुवातीला पन्नास शब्दांची यादी केली होती, काही उपयोग झाला नाही, ऐकताना यादी आठवत नाही. मग एकच शब्द पकडला: "मी". माणूस बोलायला लागला की पहिल्या मिनिटात "मी" म्हणतोच.

- मँडरिन: वो
- कँटनीज: ङो
- हक्का: ङाइ
- होक्कियन: ग्वा
- तेओच्यू: वा

एवढ्यावर निम्मं काम होतं. दुसरा शब्द "तो/ती": मँडरिन था, कँटनीज खोइ, हक्का की, होक्कियन ई. तिसरा "घर": कँटनीज उक्, हक्का वुक्, आणि मिनवाले छू. हा तिसरा शब्द नकाशावरही सापडतो. गावाच्या नावाच्या शेवटी "छू"चं अक्षर असेल तर मिनचा मुलूख, "उक्"चं असेल तर बहुधा हक्का किंवा कँटनीज. हाँगकाँगच्या छ्वन वानमध्ये साम तुंग उक् नावाचा जुना हक्का वाडा आहे, आता संग्रहालय आहे, नावातच उक्.

हक्का आणि कँटनीज यात गोंधळ होतो कारण बरेच शब्द जवळचे आहेत. त्यासाठी मला एक हुकमी चाचणी सापडली. "पांढरा" आणि "मोठा" हे दोन शब्द ऐका. कँटनीजमध्ये पाक् आणि ताइ, हक्कामध्ये फाक् आणि थाइ. जुन्या काळी जे व्यंजन ब, द, ग असं घोष होतं ते हक्कानं सगळीकडे महाप्राण (फ, थ, ख) करून टाकलं, कँटनीजनं काही सुरांत केलं आणि काहींत नाही. त्यामुळे हक्का ऐकताना हवा जास्त सुटल्यासारखी वाटते. एकदा हे कानात बसलं की परत चुकत नाही.

आणि "चहा". कँटनीज, हक्का, मँडरिन तिघं छा म्हणतात, मिनवाले ते म्हणतात. डच लोकांनी चहा मिन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतला म्हणून युरोपभर टी झालं, पोर्तुगीजांचा अड्डा मकावला म्हणून त्यांच्याकडे शा, आणि आपला चहा त्याच "छा"च्या घराण्यातला.

पायरी ३: उच्चार देवनागरीत लिहा, इंग्रजीत नाही

ही पायरी मी सगळ्यात जास्त मनापासून लिहितेय कारण इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे आणि आपण तो फेकून देतो. सगळी पुस्तकं रोमन लिपीत. त्यात बी लिहिलं असतं ते खरं म्हणजे "प" असतं, आणि पी लिहिलं असतं ते "फ". डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे महिनोन्महिने जमत नाही, आपल्याला प-फ, त-थ, क-ख पहिलीपासून येतात. मी मात्र दीड वर्ष रोमन वाचून ब आणि द म्हणत होते. वही देवनागरी केली आणि दोन आठवड्यांत आजी म्हणाल्या आता तू नीट बोलतेस.

फक्त एक काळजी घ्या. आजकाल आपण "फळ" सुद्धा दात ओठाला लावून म्हणतो. इथे दोन्ही ओठांचा जुना फ लागतो. दातवाला वेगळा आहे, तो मी फ़ असा नुक्ता देऊन लिहिते. भात हा कँटनीजमध्ये फ़ान्, आजी फो फो. उलटं केलंत तर शब्द बदलतो.

कँटनीजमध्ये अ आणि आ वेगळे आहेत, अगदी आपल्यासारखे. सम् म्हणजे मन, साम् म्हणजे तीन. कइ म्हणजे कोंबडी, काइ म्हणजे रस्ता. रोमनमध्ये हे एक ए आणि दोन ए असं दिसतं आणि डोळ्यांवरून निसटतं, देवनागरीत निसटत नाही.

होक्कियन-तेओच्यूत आणखी मजा आहे. बाकीच्या दक्षिणी भाषांत खरा ब आणि ग नाही, इथे आहे. म्हणजे प-फ-ब असं आपलं पूर्ण त्रिकूट मिळतं. पाच हा गो, नाही (जवळ नसणं या अर्थाचा) हा बो, मी हा ग्वा. शिवाय स्वर नाकातून येतात, तीन म्हणजे साँ. ज्यांच्या घरात मालवणी किंवा कोकणी आहे त्यांना हे लगेच जमतं, माझ्या एका गोव्याच्या मैत्रिणीनं पहिल्या दिवशी बरोबर म्हटलं, मला महिना लागला. आणि चोरातला च, जगातला ज हे दंतमूलीय आवाज आपल्याकडे आहेत ते इथे सतत लागतात.

एक जागा आपल्याला अवघड जाते. शब्दाच्या शेवटी प्, त्, क् आले की ओठ किंवा जीभ बंद करून तसंच थांबायचं, सोडायचं नाही. दहा म्हणजे सप्. आपण "सप" म्हणून शेवटी ओठ उघडतो आणि हवा सोडतो, ते चुकीचं वाटतं. ओठ मिटा आणि गप्प बसा, एवढंच. मँडरिनमध्ये हे शेवट पूर्ण गेलेत, दक्षिणेनं टिकवलेत, म्हणूनच थांग राजघराण्याच्या काळातल्या कवितांची यमकं आज कँटनीज किंवा होक्कियनमध्ये वाचली तर मँडरिनपेक्षा जास्त जुळतात. दक्षिणेचे लोक स्वतःला "थांगची माणसं" म्हणवतात ते ऐकलंत की हे आठवा.

पायरी ४: आकडे सगळ्यात आधी, कारण पैसे त्यात आहेत

- कँटनीज: यत्, यी, साम्, सेइ, ङ्, लुक्, छत्, पात्, कउ, सप्
- हक्का (मेइश्यान): यित्, ङी, साम्, सी, ङ्, लिउक्, छित्, पात्, किउ, सप्
- होक्कियन: चित्, नंग्, साँ, सी, गो, लाक्, छित्, पेः, काउ, चाप्

तिन्ही ओळी वरून खाली वाचा, नातं आपोआप दिसतं. सहा, सात, दहा यांचे शेवट तिघींत कसे घट्ट बंद आहेत बघा. पाचला कँटनीज आणि हक्का नुसतं नाकातलं ङ् करतात, स्वरच नाही. होक्कियनमध्ये आठचा शेवट घशात अडकतो, तो मी विसर्गानं दाखवलाय. तेओच्यू होक्कियनजवळच, पण चाओझोऊकडे शेवटचा त् बऱ्याचदा क् होतो, सात म्हणजे छिक्.

इथला सापळा मला पैशात पडला. दक्षिणेतले लोक मँडरिन बोलताना श आणि स एकच करतात. मँडरिनमध्ये चार आणि दहा यांच्यात आधीच फार फरक नाही, एक स आणि एक श, तो गेला की फक्त सूर उरतो. मी चौदा युआन मीटर ऐकलं, त्यांनी चाळीस सांगितलं होतं, सॅम्पल कापून झाल्यावर कळलं. चूक माझी होती कारण मी लिहून घेतलं नाही. कँटनीजमध्ये सप् सेइ आणि सेइ सप् यात गोंधळ होऊच शकत नाही. तेव्हापासून भाव विचारताना मी आकडा त्यांच्या भाषेत परत म्हणते आणि कॅल्क्युलेटर पुढे करते, मार्केटमध्ये त्यात कुणाला वाईट वाटत नाही. हाताच्या खुणाही शिका, अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे सहा, दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा.

पायरी ५: सूर, घाबरायचं नाही पण फसायचंही नाही

मँडरिनमध्ये चार सूर. कँटनीजमध्ये सहा, काही पुस्तकं नऊ म्हणतात पण ते प्-त्-क् नं संपणारे शब्द वेगळे मोजल्यामुळे, नवीन काही नाही. मेइश्यान हक्कात सहा, होक्कियनमध्ये साधारण सात, तेओच्यूत आठ.

कँटनीजचे तीन सूर सपाट आहेत, वरचा, मधला, खालचा. पेटीवर बोट ठेवून केले तर पटकन बसतात. दोन चढते आणि एक उतरता. "सी" हा एकच आवाज सहा सुरांत कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि होय असा जातो. धंद्याच्या माणसानं मात्र आधी "माइ" घोटावा: खालून चढणारा माइ म्हणजे विकत घेणं, खालचा सपाट माइ म्हणजे विकणं. मी घेणारी की विकणारी हेच समोरच्याला कळलं नाही तर पुढचं बोलणं कसं होणार.

होक्कियन-तेओच्यूची अडचण वेगळ्या जातीची. तिथे शब्द एकटा असताना एक सूर आणि वाक्यात त्याच्यानंतर दुसरा शब्द आला की वेगळा सूर, आणि हे जवळजवळ प्रत्येक शब्दाला होतं, फक्त तुकड्यातला शेवटचा शब्द आपला मूळ सूर ठेवतो. त्यामुळे होक्कियनचे सुटे शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नका. पूर्ण तुकडे पाठ करा. कँटनीजमध्ये हा त्रास फार थोडा आहे, म्हणून दोन्हीतून निवड करायची असेल तर सुरुवात कँटनीजनं सोपी जाते असं माझं मत.

पायरी ६: एकाच अक्षराचे दोन उच्चार दिसले तर दचकू नका

होक्कियनमध्ये बऱ्याच शब्दांना दोन उच्चार असतात. तीन हा साँ पण साम् सुद्धा, माणूस हा लांग पण जीन् सुद्धा, मोठा हा त्वा पण ताइ सुद्धा. मला हे कुणी समजावलं नव्हतं, मी वहीत खोडाखोड करत बसायचे. मग लक्षात आलं की हे आपल्या तद्भव-तत्समसारखं आहे. हात आणि हस्त, दूध आणि दुग्ध. घरातला जुना उच्चार आपल्या वाटेनं झिजत आला, आणि पुस्तकी उच्चार नंतर उत्तरेच्या दरबारी भाषेतून वरून आला. रोजच्या बोलण्यात पहिला, विद्यापीठ-सरकार-औषध अशा जोडशब्दांत दुसरा. असं डोक्यात घेतलं की होक्कियन एकदम ओळखीची वाटायला लागते.

आणखी एक ओळखीची गोष्ट. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत, हिंदी-इंग्रजीवाल्यांना हा फरक समजावताना जीव जातो. होक्कियनमध्ये तो जसाच्या तसा आहे: ग्वान् म्हणजे आम्ही, लान् म्हणजे आपण. तेओच्यूतही आहे. कँटनीजमध्ये नाही. मीटिंगमध्ये फूच्येनचा माणूस लान् म्हणाला तर त्यानं तुम्हाला धरलंय, ग्वान् म्हणाला तर नाही.

पायरी ७: मँडरिनवरून अंदाज बांधाल तिथे फसाल

"चालणं" हे सगळ्यात मोठं उदाहरण. मँडरिनमध्ये ज्या शब्दानं चालतात (चोउ) तोच शब्द दक्षिणेत पळणं किंवा निघून जाणं आहे, कँटनीज चउ, होक्कियन चाउ. चालणं म्हणजे कँटनीज हांग्, होक्कियन क्याँ. जुना अर्थ पळण्याचाच होता, दक्षिणेनं तो जपला.

खाणं-पिणं: मँडरिनचा खाण्याचा शब्द वेगळा, दक्षिणेचे तिघं एकच जुना शब्द वापरतात, कँटनीज सिक्, हक्का सत्, होक्कियन-तेओच्यू चिआः. हक्का आणि तेओच्यू चहाही खातात, बंगालीत चा खाबो म्हणतात तसं. शानतोऊच्या छंगहाइला खेळण्यांच्या ऑर्डरला गेलात तर कामाआधी छोट्या तीन कपांत चहा येणार आणि चिआः ते म्हणणार, घाई करू नका, तो टाळून भाव निघत नाही.

कढई: कँटनीज वोक्, आणि मिनवाले त्याला त्याँ म्हणतात, ज्याचं अक्षर प्राचीन काळच्या तीन पायांच्या काशाच्या भांड्याचं आहे. हे ऐकलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, हजारो वर्षांचं भांडं रोजच्या ओट्यावर.

शब्दांचा क्रमही बघा. कोंबडा हा मँडरिनमध्ये नर-कोंबडी, दक्षिणेत कोंबडी-नर: कँटनीज कइ कुंग्, होक्कियन के कांग. "तुम्ही आधी व्हा पुढे" हे मँडरिनमध्ये तू-आधी-जा, कँटनीजमध्ये तू-चाल-आधी. "मी तुझ्यापेक्षा उंच" मँडरिनमध्ये साधारण आपल्याच क्रमानं येतं, कँटनीजमध्ये मी-उंच-जास्त-तू.

नकार मात्र सोपा. मँडरिनचा पु विसरा, दक्षिणेत तिघंही ओठ मिटून नुसतं म् म्हणतात. आणि कँटनीजमध्ये आभाराचे दोन शब्द आहेत, सेवेसाठी म् कोइ, भेटवस्तूसाठी तो चे. वेटरला हाक मारायला, लिफ्टमध्ये वाट मागायलाही म् कोइच. होक्कियनमध्ये तो स्या किंवा काम् स्या.

पायरी ८: व्हिजिटिंग कार्ड वाचायला शिका

हे हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियाला जाणाऱ्यांसाठी. तिथे आडनाव आपापल्या भाषेत लिहितात. मँडरिनचं छन् हे कँटनीजमध्ये चान, होक्कियन-तेओच्यूत तान, हक्कात चिन. मँडरिन लिन् हे कँटनीज लाम, होक्कियन लिम. म्हणजे मिस्टर तान आणि मिस्टर चान यांचं आडनाव कागदावर एकच असू शकतं. उलटाही सापळा आहे, नुसतं ङ् असं आडनाव दिसलं (रोमनमध्ये दोन अक्षरं, एन आणि जी) तर तो कँटनीज किंवा हक्का घरातला वू असेल किंवा होक्कियन-तेओच्यू घरातला ह्वांग. विचारलेलं बरं, लोकांना सांगायला आवडतं. मेनलँड चीनच्या (म्हणजे हाँगकाँग-मकाव सोडून) पासपोर्टवर मात्र सगळं मँडरिन उच्चारानं असतं, तिथून काही कळत नाही.

मेनलँडवर त्याऐवजी बोलण्यावरून ओळखा. मिनमध्ये फ़ नाही, त्यामुळे फूच्येनचे काही लोक मँडरिन बोलतानाही आपल्या प्रांताला हूच्येन म्हणतात.

पायरी ९: लिहिलेलं वाचताना

वर्तमानपत्र, करार, सरकारी कागद सगळीकडे प्रमाण लेखी चिनी, तिथे प्रांत बदलला तरी भाषा बदलत नाही. मेनलँडवर सोपी केलेली अक्षरं, हाँगकाँग-मकाव-तैवानमध्ये जुनी. पण हाँगकाँगच्या जाहिराती आणि चॅटमध्ये बोललेली कँटनीज तशीच लिहितात, त्यासाठी खास अक्षरं आहेत. "नाही" चं अक्षर घ्या: "आहे" चं अक्षर उचललं आणि त्याच्या पोटातल्या दोन आडव्या रेघा काढून टाकल्या, रिकामं पोट म्हणजे नाही. एकदा बघितलं की विसरत नाही. कराराचं काम असेल तर असला मजकूर चॅटमध्येच ठेवा आणि कागदावर प्रमाण भाषेत पुन्हा लिहून घ्या.

पायरी १०: कुठली शिकायची?

जिथे राहता ती. ग्वांगझू-हाँगकाँगला कँटनीज, क्वालालंपूरलाही तीच चालते. श्यामन, तैवान, पेनांगला होक्कियन. शानतोऊशी कायमचा व्यवहार असेल तर तेओच्यू, ते लोक परदेशातही एकमेकांना गा की नांग म्हणजे आपलं माणूस म्हणतात आणि तुम्ही दोन वाक्यं बोललात तरी वागणं बदलतं, हा माझा अनुभव. शेनझेनला फक्त मँडरिन पुरते. सिंगापूरमध्ये १९७९ पासून मँडरिन बोला ही सरकारी मोहीम चालली, त्यामुळे तिथे होक्कियन म्हाताऱ्यांकडेच जास्त ऐकाल.

रोजचा फुकटचा क्लास म्हणजे मेट्रो. ग्वांगझूच्या मेट्रोत स्टेशनचं नाव मँडरिन, मग कँटनीजमध्ये येतं, तैपेईच्या मेट्रोत मँडरिन, होक्कियन, हक्का तिन्ही येतात. एकच नाव लागोपाठ ऐकून कान जितका तयार होतो तितका कुठल्याही ॲपनं नाही झाला.

एक गोष्ट सांभाळा. कुणाच्या भाषेला "लोकल ॲक्सेंट" किंवा "बिघडलेली मँडरिन" म्हणू नका. २०१० मध्ये टीव्हीवर कँटनीजऐवजी मँडरिन वाढवायचा प्रस्ताव आला तेव्हा ग्वांगझूचे लोक रस्त्यावर उतरले होते. हक्का लोकांत म्हण आहे की पूर्वजांची जमीन विका पण पूर्वजांची बोली विसरू नका. माझ्या घरमालकीण आजींची नात त्यांचं सगळं समजते पण उत्तर मँडरिनमध्ये देते, शाळेत तेच चालतं. आजी काही बोलत नाहीत, फक्त माझ्याशी जास्त वेळ बोलतात. मला इचलकरंजीतली माझी भाचरं आठवतात.

पहिलं वाक्य कुठलं पाठ करायचं विचाराल तर "जेवलात का?" इथेही भेटल्यावर हेच विचारतात आणि वाक्याच्या शेवटी "अजून नाही?" असा शब्द ठेवतात. कँटनीजमध्ये सिक् चो फ़ान् मेइ, हक्कात सत् पाउ मांग, होक्कियनमध्ये चिआः पा ब्वे. खरंच जेवायला बोलावत नाहीयेत, तेव्हा उत्तर लांबवू नका. जेवला असाल-नसाल, ग्वांगझूत म्हणा सिक् चो ला, श्यामनला म्हणा चिआः पा आ, आणि मग कामाचं बोला.